पाणी अडवलं, जिरवलं; पण वाटायचं कसं? नायगावच्या पाणी पंचायतीचे नियम समजून घेऊ

सासवड (प्रतिनिधी) : परतीचा पाऊस संपला की आपल्या जिरायती पट्ट्यात एकच चर्चा असते. विहिरीला पाणी किती आलं, किती दिवस पुरंल आणि रब्बीला काय करायचं. पुरंदर असो, बारामतीचा जिरायती भाग असो, नाहीतर शिरूर-दौंडची कोरडी गावं असोत, गेल्या काही वर्षांत पाणी अडवायची कामं सगळीकडं झाली. समतल चर झाले, नाला खोलीकरण झालं, बंधारे झाले. कुठं सरकारी योजनेतून, कुठं संस्थांच्या मदतीनं, कुठं गावानं श्रमदान करून. दिवाळीच्या टायमाला विहिरी काठोकाठ दिसतात, फोटो निघतात, जलपूजन होतं. आणि मार्च उजाडला की त्यातल्या कितीतरी गावांत पुन्हा टँकरची मागणी जाते.

असं का होतं? काम खोटं झालं म्हणून नाही. काम अर्धंच झालं म्हणून. पाणी अडवणं आणि जिरवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं काम म्हणजे ते पाणी कुणी, किती आणि कशासाठी वापरायचं हे ठरवणं. हे दुसरं निम्मं काम जेसीबीनं होत नाही. ते गावानं एकत्र बसून करावं लागतं आणि तिथंच घोडं अडतं.

गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पन्नास वर्षांपूर्वी शोधलं गेलं. ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था आणि तिची पाणी पंचायत. देशभरातले अभ्यासक ती बघायला येऊन गेले. पण आपल्या नव्या पिढीतल्या पोरांना विचारलं तर बऱ्याच जणांना नाव ठाऊक असतं, नियम ठाऊक नसतात. म्हणून ते नियम आणि त्यामागचं गणित सोपं करून सांगायचा हा प्रयत्न.

आधी गावाचा हिशोब मांडू

नियम का लागतात हे कळायला आधी पाण्याचा ताळेबंद कळला पाहिजे. समजा एक गाव आहे. क्षेत्र १००० हेक्टर, म्हणजे साधारण २५०० एकर. लोकसंख्या २०००. पाऊस ५०० मिलिमीटर. आपल्या पट्ट्यातलं मध्यम गाव असंच असतं.

एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होतं. त्या हिशोबानं या गावावर वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडतं. आकडा ऐकून वाटतं, मग चिंता कसली? पण यातलं बरंच पाणी पिकं आणि गवत पितं, बरंच वाफ होऊन जातं, काही ओढ्यानं वाहून जातं. आपल्याकडं खाली काळा पाषाण. वर माती आणि मुरूम, त्याखाली कातळ. अशा जमिनीत पावसाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच पाणी मुरतं. म्हणजे ५० कोटी लिटर.

हे सगळं उपसायचं नसतं. भूजल यंत्रणेच्या वर्गवारीत जेवढं मुरतं त्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच उपसा असेल तर ते पाणलोट सुरक्षित धरतात. ९० टक्क्यांच्या वर गेलं की चिंताजनक, आणि १०० च्या वर गेलं की अतिशोषित. म्हणजे आपल्या गावाला बिनधास्त वापरता येतं ते ३५ कोटी लिटर.

आता खर्चाची बाजू. माणशी रोज ५५ लिटर हे जलजीवन मिशनचं माप. त्या मापानं २००० माणसांना वर्षाला ४ कोटी लिटर लागतं. हजार मोठी जनावरं धरली आणि दिवसाला ५० लिटर दिलं, तर पावणेदोन-दोन कोटी. पिण्याचं सगळं मिळून ६ कोटी. शेतीला उरलं २९ कोटी लिटर.

उसाला वर्षाला २००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. पाट पाण्यानं दिलं तर त्याहून जास्त जातं. सगळा ५०० मिलिमीटर पाऊस त्यातून वजा केला तरी एका एकराला ६० लाख लिटर उपसावं लागतं. म्हणजे गावाच्या २९ कोटीत ऊस होतो किती? ४८ एकर. गावाची जमीन २५०० एकर! आणखी एक बघा. सात एकर ऊस जेवढं पाणी पितो, तेवढं २००० माणसांचं गाव वर्षभर पितं.

तेच पाणी ४०० मिलिमीटरमध्ये येणाऱ्या रब्बीच्या पिकाला दिलं तर १८० एकर भिजतं. आणि नुसत्या संरक्षित पाळ्या द्यायच्या ठरवल्या, म्हणजे पीक वाळू न देण्यापुरतं नेमक्या वेळेला पाणी द्यायचं, तर गोष्ट आणखी बदलते. एका एकराला ५० मिलिमीटरची एक पाळी म्हणजे २ लाख लिटर. २९ कोटी लिटर २००० माणसांत सारखं वाटलं तर पाच माणसांच्या घराला सव्वासात लाख लिटर येतं. म्हणजे पावणेदोन एकर रब्बी ज्वारीला फुटव्यात नि पोटरीत अशा दोन-दोन पाळ्या. गावातल्या प्रत्येक घराला!

पाणी तेवढंच आहे. आठ-दहा जणांचा ऊस होऊ शकतो, नाहीतर चारशे घरांची ज्वारी. कुठला पर्याय होणार हे पाऊस ठरवत नाही, गावाचा नियम ठरवतो. आणि नियमच नसला तर ज्याची मोटार मोठी तो ठरवतो.

(हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्येक गावाची माती, उतार, बंधारे वेगळे. पण हिशोब करायची रीत हीच.)

नायगावात काय घडलं

१९७२ चा दुष्काळ आपल्या आधीच्या पिढीनं भोगला. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोची लाल ज्वारी, हे घरोघरी ऐकलेलं आहे. त्या दुष्काळात पुण्यातले एक इंजिनिअर आणि कारखानदार, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात फिरले. लोक रस्त्याची खडी फोडतायत, आणि ज्या कामानं पुढचा दुष्काळ टळंल ते पाणी अडवायचं काम मात्र होत नाही, हे त्यांना खटकलं.

त्यांनी नायगावात देवस्थानची ४० एकर जमीन ५० वर्षांच्या करारानं घेतली. जमीन कसली, उताराची खडकाळ माळरानं. तिथं बांधबंदिस्ती केली, उताराला आडवे बांध घातले, खालच्या अंगाला पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर काढली आणि विहिरीचं पाणी मोटारीनं परत वर चढवलं. पडीक माळ पिकायला लागला. १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था उभी राहिली.

इथवरची गोष्ट आज नवी वाटणार नाही. माथा ते पायथा काम करायचं हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण साळुंखेंचं वेगळेपण पुढं आहे. आजूबाजूचे शेतकरी म्हणायला लागले, आम्हालाही अशी योजना करून द्या. तेव्हा संस्थेनं योजना देण्याआधी अटी घातल्या. आधी नियम मान्य करा, मग पाईपलाईन. या गटांनाच पाणी पंचायत म्हणतात.

नियम आणि त्यामागचं कारण

पहिला नियम : योजना गटाचीच. एकट्या शेतकऱ्याला संस्था योजना करून देत नव्हती. कारण साधं आहे. ओढ्याचं, तलावाचं, जमिनीखालचं पाणी एकट्याच्या बांधाला थांबत नाही. एकानं उपसलं की शेजाऱ्याचं उतरतं. पाणी सामाईक असेल तर मोटारही सामाईक पाहिजे.

दुसरा नियम : पाणी माणसांवर, जमिनीवर नाही. हा सगळ्यात मोठा नियम. घरात माणसं किती यावर पाणी ठरायचं. माणशी अर्ध्या एकराला पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. कुणाची जमीन २० एकर असली तरी पाणी अडीच एकरालाच. बाकीची जिरायत राहील. आपल्याकडं एरवी उलटं चालतं. ज्याला जमीन जास्त, त्याला पाणी जास्त. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याच्या खालचं पाणी त्याचं, हेच डोक्यात बसलंय. पाणी पंचायतीनं कायदा बदलायची वाट बघितली नाही. आपसात ठरवून दुसरी रीत पाडली.

अर्ध्या एकराचा आकडा देवानं लिहून दिलेला नाही. तो तिथल्या उपलब्ध पाण्यावर आणि एका माणसाच्या पोटापाण्यावर बेतलेला होता. तुमच्या गावात पाणी कमी असेल तर दहा गुंठे निघेल. महत्त्वाची आहे ती मोजायची पद्धत.

तिसरा नियम : पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. एखाद्यानं जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर नव्या मालकाकडं जात नाही. ते गटाकडं परत येतं. पुण्याजवळच्या तालुक्यात राहणाऱ्यांना या नियमाची किंमत वेगळी सांगायला नको. जमीन घेणारा बाहेरचा, फार्म हाऊस बांधणारा, आणि गावाच्या पाण्यावर त्याचं लॉन हिरवं, असं चित्र या नियमात बसूच शकत नाही.

चौथा नियम : भूमिहीनालाही पाणी. पाणी माणसांवर मोजायचं ठरलं की ज्याच्याकडं जमीन नाही तोही माणूसच आहे. त्यालाही वाटा. मग तो काय करणार त्या पाण्याचं? तर ज्याच्याकडं जमीन आहे पण पाणी कमी आहे, त्याच्या रानात आपलं पाणी घालून वाट्यानं शेती करायची. शेतमजुराच्या हातात पहिल्यांदाच देण्यासारखं काहीतरी येतं. नुसती मजुरी मागायला जाणं आणि पाण्याचा वाटा घेऊन जाणं, यात बोलायच्या सुरातच फरक पडतो.

पाचवा नियम : बारमाही पाणी पिणारी पिकं नाहीत. ऊस नाही. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा, कडधान्यं, भाजीपाला अशी हंगामी पिकं घ्यायची. वर मांडलेला हिशोब बघितला की हा नियम का आहे हे सांगावं लागत नाही. एकानं ऊस लावला की त्याच्या मे महिन्यातल्या पाण्यासाठी बाकीच्यांची रब्बी वाळते.

सहावा नियम : आपला पैसा आधी. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा शेतकऱ्यांनी रोख भरायचा. ५० टक्के सरकारी अनुदान आणि ३० टक्के संस्थेकडून बिनव्याजी कर्ज, अशी घडी होती. आपला पैसा अडकला की माणूस बैठकीला येतो. फुकटच्या मोटारीचा व्हॉल्व्ह गेला की कुणी बघत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

रोजचं काम पाटकऱ्यावर

नियम कागदावर कितीही चांगले असोत, रानात पाणी सोडणारा माणूस कोण यावर सगळं ठरतं. पाणी पंचायतीत गट आपला पाटकरी नेमतो. कुणाची पाळी कधी, किती तास, हे तो बघतो. शेतकऱ्यानं स्वतः जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. भाऊबंदकीतली निम्मी भांडणं पाण्याच्या पाळीवरनं होतात. रात्रीच्या विजेला कोण जागं राहिलं, कुणी बारं फोडलं, कुणाची मोटार आधी चालू झाली. पाटकरी मध्ये असला की भांडण माणसामाणसात न राहता वेळापत्रकाशी राहतं.

पाटकऱ्याचा पगार, वीजबिल, दुरुस्ती हे सगळं गटानं पाणीपट्टीतून भागवायचं. हंगामाच्या आधी बैठक घ्यायची, तलावात आणि विहिरीत किती पाणी आहे बघायचं, आणि मग पिकं ठरवायची. आधी पाणी, मग पीक. आपण एरवी आधी पीक लावतो आणि मग पाणी शोधत बोअरवाल्याला फोन करतो.

मग सगळीकडं हे का पसरलं नाही?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला पाहिजे. पुरंदरमध्ये आणि बाहेरही अशा योजना झाल्या, पण काळाच्या ओघात त्यातल्या काही बंद पडल्या. विलासराव साळुंखे २००२ मध्ये गेले. सामाईक उपसा योजनांची दुखणी ठरलेली आहेत. वीजबिल थकतं, मोटार जळते, पाईप फुटतो आणि वर्गणी गोळा होत नाही. कुठं दुसऱ्या योजनेचं पाणी येतं आणि नियमाची गरज वाटेनाशी होते. कुठं बोअर स्वस्त झाले आणि ज्याला परवडलं त्यानं गटातून अंग काढून घेतलं.

लोकांच्या हरकतीही खऱ्या असतात. पहिली हरकत, माझ्या रानातली विहीर, माझ्या पैशानं काढलेली, पाणी दुसऱ्याला का? याचं उत्तर असं, की विहीर तुमची आहे, पण तिच्यात येणारा उपळा वरच्या अंगाच्या माळावरनं आलेला आहे. तो माळ गायरान असेल, दुसऱ्याचा असेल. चर खोदायला श्रमदानाला गाव आलं होतं, त्यात भूमिहीन घरातल्या बायाही होत्या. मुरलेल्या पाण्यात त्यांचा घाम आहे आणि वाटणीत त्यांचं नाव नाही, हे न्यायाचं नाही.

दुसरी हरकत, उसाशिवाय हमखास पैसा कशात आहे? ही हरकत टाळण्यासारखी नाही. उसाला कारखाना आहे, दर ठरलेला आहे, वादळवाऱ्यात तो टिकतो. कांदा-टोमॅटोचा भरवसा नाही. मी स्वतः शेती करतो, त्यामुळं ज्वारीच्या भावावर घर चालवायचं म्हणजे काय हे मला सांगायला नको. म्हणून कमी पाण्याच्या पिकाला बाजार पाहिजे हे खरंच. पण पुरंदरचं अंजीर आणि सीताफळ बघा. हलक्या रानात, उसाच्या मानानं थोड्या पाण्यावर येणारी ही झाडं. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही आहे. पावसाळी वाटाणा आहे. पाणी कमी आणि पैसा बरा, अशी पिकं आपल्याच मातीत आहेत. आणि ४८ एकर उसाचा पैसा गावात फार तर पंधरा-वीस घरांत जातो, हेही विसरून चालत नाही.

पाणी निसटून जायच्या तीन वाटा

अडवलेलं पाणी कुठं जातं हे बघितलं तर तीन वाटा दिसतात.

एक, खोल बोअर. वरच्या मुरमातलं आणि झिजलेल्या कातळातलं पाणी दरवर्षीच्या पावसानं भरतं. त्याखाली घट्ट कातळाच्या भेगांत जे पाणी असतं ते फार हळू भरतं. चारशे-पाचशे फुटांवरचं पाणी म्हणजे आजोबानं पुरून ठेवलेला हंडा. एकदा काढला की संपला. शिवाय बोअर वरच्या थरातलं पाणीही खाली ओढतं आणि शेजारची चाळीस फुटी विहीर कोरडी पडते. विहीर कोरडी पडली की तोही बोअर घेतो. मग शर्यत लागते. या शर्यतीत पहिला हरतो तो दोन एकरवाला, कारण त्याचं कर्ज पहिल्या कोरड्या बोअरलाच संपतं.

दोन, उपशानं भरलेलं शेततळं. शेततळं हे वाहून जाणारं पावसाचं पाणी साठवायला. पण आपल्याकडं प्लॅस्टिक अंथरून, विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी उपसून ते भरलं जातं. जमिनीखाली सुरक्षित, सगळ्यांचं म्हणून असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं. त्यातलं काही वाफ होतं आणि उरलेलं एकाच्या मालकीचं होतं.

तीन, ठिबकचा उलटा हिशोब. ठिबकनं पाणी वाचतं यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी दोन एकर लावले तर विहिरीतून तेवढंच पाणी निघतं. ठिबकची बचत गावाला तेव्हाच मिळते, जेव्हा क्षेत्रावर मर्यादा असते. पुन्हा नियमच.

संस्था नसली तरी गाव करू शकतं

आमच्या गावात कुठं आहे अशी संस्था, असं कुणी म्हणंल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे ग्रामसभेतून करून दाखवलं. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तिथं पाणलोटाची कामं तर झालीच, पण त्याबरोबर बंधनंही आली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, आधी माणसं-जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यातून ग्रामसभेत रब्बीची पिकं ठरवायची. कमी पावसाच्या वर्षी पिकं बदलायची. तो मान्य झालेला ताळेबंद हेच त्या गावाचं खरं धरण.

आपल्या राज्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनं २०१६ पासून चार वर्षं गावंच्या गावं श्रमदानाला उतरवली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. लोक एकत्र येऊ शकतात हे त्यातनं दिसलं. अटल भूजल योजनेतही निवडलेल्या ग्रामपंचायतींत पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम झालं. बऱ्याच गावांत फलक रंगवले गेले. पण फलकावरची बेरीज-वजाबाकी आणि रानातली लागवड यांची गाठ पडली तरच त्या रंगाचा उपयोग.

कायदाही थोडा पाठीशी आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम १९९३ च्या कायद्यापासून आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. पण रात्रीतून बोअरची गाडी येते, सकाळी जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. गावानं मनावर घेतल्याशिवाय कायदा बांधावर पोचत नाही.

या रब्बीच्या आधी ग्रामसभेत काय विचारायचं

सगळे सहा नियम एका बैठकीत मान्य होणार नाहीत. पण सुरुवात करता येते.

पहिलं, गावात पाऊस किती पडला आणि मोजला कुणी? पर्जन्यमापक नसेल तर शाळेत बसवा. मंडलाचा आकडा आपल्या शिवाराचा असेलच असं नाही.

दुसरं, पाच-सहा विहिरी ठरवा आणि दर महिन्याला दोरी सोडून पातळी मोजा. भूजल यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते, त्यांच्याकडनं आपल्या पाणलोटाचे आकडे मागता येतात. मोजणीचं काम दहावी-बारावीच्या पोरांना आणि बचत गटाच्या महिलांना द्या. आकडा भिंतीवर लिहा.

तिसरं, पिण्याच्या पाण्याची विहीर कुठली, आणि तिच्या ५०० मीटरच्या आत नवे बोअर किती झाले?

चौथं, पिण्याचं वजा करून शेतीला किती पाणी उरतं आणि त्यात किती एकर कुठलं पीक बसतं? वर दिलेला हिशोब तलाठी, कृषी सहाय्यक आणि गावातला एक गणित येणारा पोरगा असं बसून तासा-दोन तासांत होतो.

पाचवं, निदान नवा बोअर आणि नवा ऊस यावर या वर्षी थांबायचं का? जुन्याला हात लावू नका, भांडण होईल. नव्याला थांबवा.

सहावं, ज्यांना जमीन नाही त्यांचं काय? सुरुवातीला पाण्याचा वाटा नाही देता आला तर निदान त्यांच्या शेळ्या-गाईंचं पाणी आणि घरचं पाणी मे अखेरपर्यंत पक्कं राहील, हे ठरावात लिहा. आणि बैठकीत त्यांना बोलू द्या.

हे सगळं करायला पैसा लागत नाही. लागते ती एकमेकांसमोर बसायची तयारी आणि पुढाऱ्याचा ऊसही त्याच हिशोबात धरायची हिंमत. नायगावच्या माळावर पन्नास वर्षांपूर्वी हेच ठरलं होतं, की पाणी निसर्गाचं, त्यावर हक्क माणसाचा, आणि मोजायची ती माणसं, एकर नाही. ओढ्याचा बंधारा यंदा भरला असेल तर चांगलंच आहे. पण तो मे महिन्यात कुणाच्या कामी येणार हे आता, हरभरा पेरायच्या आधी ठरवावं लागेल. मार्चमध्ये ठरवायला पाणीच उरलेलं नसतं.